प्रमाणपत्र दवाखान्याला मिळाले, रुग्णाला काय मिळाले?

गेल्या दहा-बारा वर्षांत सरकारी दवाखान्यांच्या दर्शनी भिंतीवर एक नवी शोभा आली आहे. काचेच्या चौकटीत प्रमाणपत्र लटकलेले असते. त्यावर कुठे 'कायाकल्प' असते, कुठे 'लक्ष्य', कुठे राष्ट्रीय गुणवत्ता हमी मानकांचा शिक्का. खाली पालकमंत्री, आमदार आणि जिल्हाधिकारी यांच्या हस्ते ते स्वीकारल्याचा फोटो. त्याच भिंतीला टेकून एखादी बाई नातवाला मांडीवर घेऊन सकाळपासून केसपेपर हातात धरून बसलेली असते. तिला त्या चौकटीत काय लिहिले आहे हे ठाऊक नसते आणि कोणी तिला सांगतही नाही. आमचा आजचा प्रश्न त्या बाईचा आहे. दवाखान्याला गुणवत्तेचे प्रमाणपत्र मिळाले, फार चांगले झाले. पण त्यामुळे तिच्या नातवाचा जीव वाचण्याची शक्यता किती वाढली, हे कोणी मोजले आहे काय?

आमचे काही मित्र म्हणतील की सरकार दवाखाने सुधारायला निघाले तर त्यातही तुम्ही खोट काढता. तसे मुळीच नाही. सरकारी दवाखाना सुधारलाच पाहिजे, कारण तो आमचा आहे. ज्यांच्याकडे पैसा आहे ते पंचतारांकित इस्पितळात जातात. सिव्हिलच्या फरशीवर झोपतो तो भूमिहीन शेतमजूर, झोपडपट्टीतला कामगार, पारधी, भिल्ल, मातंग, बौद्ध, मुसलमान. म्हणून सरकारी दवाखान्याच्या गुणवत्तेचा प्रश्न हा आमच्या लेखी सामाजिक न्यायाचाच प्रश्न आहे, आणि म्हणूनच या सुधारणेचा हिशेब मागण्याचा पहिला अधिकार आमचा आहे.

आधी व्यवस्था काय आहे ते पाहू. २००५ साली राष्ट्रीय ग्रामीण आरोग्य अभियान आले. २००७ मध्ये दवाखान्यात किती खाटा, किती डॉक्टर, कोणती यंत्रे असावीत याची भारतीय सार्वजनिक आरोग्य मानके ठरली. २०१३ मध्ये राष्ट्रीय गुणवत्ता हमी मानके आली. २०१५ मध्ये स्वच्छतेसाठी 'कायाकल्प' पुरस्कार सुरू झाला आणि २०१७ च्या अखेरीस प्रसूतिगृहांसाठी 'लक्ष्य'. खाजगी इस्पितळांसाठी २००५ पासून एन.ए.बी.एच. आहेच. गुणवत्ता मानकांमध्ये आठ विभाग आहेत. त्यात सेवा, रुग्णांचे हक्क, साधनसामग्री, पूरक सेवा, प्रत्यक्ष उपचार, जंतुसंसर्ग नियंत्रण, गुणवत्ता व्यवस्थापन आणि शेवटी परिणाम असे सारे आहे. बाहेरचे परीक्षक येतात, पाहणी करतात, कर्मचाऱ्यांना विचारतात, नोंदवह्या तपासतात, रुग्णांशीही बोलतात. किमान ७० टक्के गुण मिळाले की प्रमाणपत्र, तेही तीन वर्षांसाठी. कागदावर यात नाव ठेवायला फारशी जागा नाही. सामाजिक कारणावरून कोणत्याही रुग्णाला सेवेत अडथळा येऊ नये, हेसुद्धा त्या मानकांमध्ये लिहिलेले आहे.

परंतु लिहिलेले चांगले असणे आणि घडणारे चांगले असणे यांत किती अंतर असते, हे आंबेडकरी समाजाइतके दुसऱ्या कोणाला ठाऊक आहे? २५ नोव्हेंबर १९४९ रोजी घटना समितीत बोलताना बाबासाहेबांनी बजावले होते की संविधान कितीही चांगले असले तरी ते राबवणारे वाईट असतील तर ते वाईटच ठरेल. देशाच्या संविधानाला जे लागू पडते ते दवाखान्याच्या नियमपुस्तिकेला का लागू पडू नये?

महाराष्ट्राचाच अनुभव घ्या. ९ जानेवारी २०२१ च्या पहाटे भंडारा जिल्हा सामान्य रुग्णालयाच्या नवजात शिशू कक्षाला आग लागली आणि १० बालके गेली. सारा महाराष्ट्र हळहळला. राज्यभरातल्या रुग्णालयांचे अग्निसुरक्षा ऑडिट करण्याचे आदेश सुटले. आदेश सुटले, कागद फिरले, अहवाल गेले. आणि दहा महिन्यांच्या आत, ६ नोव्हेंबर २०२१ रोजी, तेव्हाच्या अहमदनगरच्या जिल्हा रुग्णालयातील अतिदक्षता कक्ष पेटला. ११ रुग्ण गेले. मधल्या काळात, २१ एप्रिलला, नाशिकच्या महापालिका रुग्णालयात ऑक्सिजनच्या टाकीची गळती होऊन दोन डझनांच्या आसपास माणसे तडफडून मेली होती. यातून काय सिद्ध होते? ऑडिट म्हणजे आग विझवणे नव्हे. दोष दाखवणारा कागद आणि दोष दुरुस्त करणारा पैसा यांची गाठ पडली नाही तर ऑडिट हा फक्त नंतर 'आम्ही कळवले होते' असे म्हणण्यासाठीचा पुरावा उरतो.

सुधारणा परिणामकारक ठरली की नाही हे ओळखण्याचे शास्त्र काही गूढ नाही. अवेदिस डोनाबेडियन या वैद्यकाने १९६६ सालीच ते तीन पायऱ्यांत मांडले. पहिली पायरी म्हणजे दवाखान्यात काय आहे: इमारत, माणसे, यंत्रे. दुसरी, प्रत्यक्षात काय केले जाते: हात धुतले का, वेळेवर इंजेक्शन दिले का. तिसरी आणि शेवटची, रुग्णाचे काय झाले: तो बरा झाला, अपंग झाला की मेला. आपल्याकडच्या तपासणीत पहिल्या दोन पायऱ्यांचे गुण भरभरून मिळतात. रंगरंगोटी झाली, फलक लागले, लाल-पिवळ्या-निळ्या बादल्या आल्या, रजिस्टरे भरली. तिसऱ्या पायरीवर येईपर्यंत परीक्षकांच्या गाड्या निघायची वेळ झालेली असते.

आणि पहिल्या दोन पायऱ्या चढल्या म्हणजे तिसरी आपोआप चढता येते, असेही नाही. उत्तर प्रदेशात २४ जिल्ह्यांतील १२० सरकारी प्रसूती केंद्रांवर झालेला एक मोठा अभ्यास २०१७ मध्ये प्रसिद्ध झाला. दीड लाखाहून अधिक बाळंतपणांचा हिशेब त्यात होता. निम्म्या केंद्रांवर सुरक्षित बाळंतपणाची यादी देऊन कर्मचाऱ्यांना महिनोन्महिने मार्गदर्शन केले. त्या केंद्रांवर कामाची पद्धत खरोखर सुधारली. सुरुवातीच्या दोन महिन्यांत यादीतली सुमारे ७३ टक्के कामे होऊ लागली, बाकीच्या केंद्रांवर ती ४२ टक्क्यांच्या आसपास होती. परंतु माता-बालकांचे मृत्यू आणि गंभीर गुंतागुंत यांत मात्र दोन्हीकडे फरक पडला नाही. का पडला नाही? यादी नर्सला आठवण करून देते, पण ती रक्ताची बाटली देत नाही, भूलतज्ज्ञ देत नाही, रात्री दोन वाजता सिझेरियन करणारा हात देत नाही. शिवाय मार्गदर्शक येणे बंद झाल्यावर कामाची पद्धतही पुन्हा घसरू लागली.

शस्त्रक्रियेपूर्वीच्या सुरक्षा यादीचीही तीच कथा. जागतिक आरोग्य संघटनेची ती यादी दिल्लीसह जगातील आठ शहरांतल्या रुग्णालयांत वापरून पाहिली, तेव्हा शस्त्रक्रियेनंतरचे मृत्यू दीड टक्क्यावरून ०.८ टक्क्यावर आल्याचे २००९ मध्ये दिसले. मग कॅनडाच्या ऑन्टारिओ प्रांताने ती सक्तीची केली. १०१ रुग्णालयांचा हिशेब २०१४ मध्ये आला, तर मृत्यूंमध्ये लक्षणीय घट नाही! यादी तीच. एका ठिकाणी माणसांनी ती मनावर घेतली, दुसरीकडे वरून हुकूम आला म्हणून खुणा केल्या, असा अर्थ अनेक जाणकारांनी लावला. आपल्याकडे तर हुकमावर खुणा करण्याची कला फार पुरातन आहे.

तेव्हा गुणवत्ता सुधार हे सारे थोतांड आहे असा निष्कर्ष कोणी काढू नये. तो आमचा निष्कर्ष नाही. १८४७ साली व्हिएन्नाच्या सरकारी प्रसूतिगृहात इग्नाझ सेमेलवाइस या डॉक्टरने पाहिले की डॉक्टरांच्या वॉर्डात गरीब बाळंतिणी पटापट मरतात आणि सुइणींच्या वॉर्डात त्या मानाने कमी मरतात. त्याने दोन्ही वॉर्डांची आकडेवारी महिन्यामागून महिना समोर ठेवली. शवविच्छेदन करून आलेल्या डॉक्टरांना चुन्याच्या क्लोरीनयुक्त पाण्याने हात धुवायला लावले. एप्रिलमध्ये शंभरातल्या १८ बाळंतिणी दगावत होत्या, जूनमध्ये दोनच्या आसपास. मोठमोठ्या डॉक्टरांना मात्र आपल्या हातांनी रोग पसरतो हे मान्य करणे अपमानाचे वाटले. वरच्याचा हात विटाळलेला असू शकतो, हे वरच्याला कुठेच पटत नाही!

दूर कशाला जायचे? आमच्या गडचिरोलीत डॉ. अभय आणि डॉ. राणी बंग यांच्या 'सर्च' संस्थेने गावातल्याच बायकांना नवजात बाळाची काळजी घ्यायला शिकवले. ज्या गावांत हे केले आणि ज्या गावांत केले नाही, अशा दोन्हींकडच्या बालमृत्यूंची नोंद वर्षानुवर्षे ठेवली. नवजात मृत्युदर ६२ टक्क्यांनी उतरल्याचे १९९९ मध्ये जगापुढे मांडले. तेथे संगमरवरी फरशी नव्हती आणि चौकटीतले प्रमाणपत्र नव्हते. होता तो प्रत्येक मृत्यूचा प्रामाणिक हिशेब. सेमेलवाइस असो की गडचिरोली, ज्यांनी खरोखर सुधारणा केली त्यांनी आधी आणि नंतर, इकडे आणि तिकडे, अशी तुलना केली आणि मेलेले लपवले नाहीत. परिणामकारकता तपासायची ती अशी. एका मंगळवारी येऊन बुधवारी गुण देऊन ती तपासता येत नाही.

आता नांदेडकडे वळू. सप्टेंबर २०२३ संपता-संपता तेथील शासकीय वैद्यकीय महाविद्यालयाच्या रुग्णालयात २४ तासांत २४ रुग्णांचा मृत्यू झाला. त्यात १२ नवजात बालके होती. दुसऱ्या दिवशी आकडा ३१ वर गेला. त्याआधी ऑगस्टमध्ये ठाण्याच्या कळवा येथील महापालिका रुग्णालयात एका रात्रीत १८ जण गेले होते. नांदेडला सांगण्यात आले की रुग्ण फार उशिरा, शेवटच्या अवस्थेत येतात, आजूबाजूच्या जिल्ह्यांतून येतात, खाजगीवाले पैसे संपले की पाठवतात. हे खरे असेलही. पण मग त्याचा अर्थ काय होतो? नांदेडला नोंदला गेलेला मृत्यू हा नांदेडला घडलेला नसतो. तो ज्या प्राथमिक आरोग्य केंद्राला कुलूप होते तेथे, ज्या ग्रामीण रुग्णालयात बालरोगतज्ज्ञ नव्हता तेथे, जेथे चिठ्ठी लिहून 'पुढे न्या' सांगितले तेथे सुरू झालेला असतो. आणि जो दवाखाना अत्यवस्थ रुग्ण पुढे ढकलतो, त्याचा मृत्युदर कागदावर झकास दिसतो! उद्या त्यालाच उत्कृष्ट दवाखान्याचे बक्षीस मिळाले तर आश्चर्य नको. म्हणून आमचे म्हणणे आहे की पुढे पाठवलेल्या प्रत्येक रुग्णाचे शेवटी काय झाले हे पाठवणाऱ्याच्या खात्यावर नोंदले पाहिजे. मोजमाप एका इमारतीचे नको, संपूर्ण जिल्ह्याचे हवे.

याच नांदेडमध्ये गुणवत्ता सुधारण्याचा एक वेगळाच प्रयोग महाराष्ट्राने पाहिला. हिंगोलीच्या तत्कालीन खासदारांनी रुग्णालयाच्या अधिष्ठात्यांच्या हाती झाडू देऊन त्यांना घाणेरडे शौचालय साफ करायला लावले, कॅमेऱ्यांसमोर. ते अधिष्ठाता आदिवासी समाजाचे. पुढे ॲट्रॉसिटी कायद्याखाली गुन्हा नोंदला गेला. शौचालय घाण होते हे खरेच, आणि रुग्णाला स्वच्छ शौचालय मिळालेच पाहिजे. पण सफाई कामगारांची पदे किती रिकामी आहेत, त्यांना पगार वेळेवर मिळतो का, औषधखरेदीचा पैसा कुठे अडकला, असे प्रश्न विचारण्याऐवजी झाडू हातात देण्याची बुद्धी कोठून येते? व्यवस्थेचा दोष एका माणसावर, त्यातही खालच्या मानल्या गेलेल्या माणसावर ढकलून मोकळे व्हायचे, ही सुधारणा नव्हे. ही मनुस्मृतीची कार्यपद्धती आहे.

येथेच आम्ही मूळ मुद्द्यावर येतो. दवाखान्यातला जंतुसंसर्ग रोखणारा पहिला माणूस कोण? वॉर्ड पुसणारी मावशी, रक्ताने माखलेल्या चादरी उचलणारा मामा, सुया आणि बोळे गोळा करणारा कंत्राटी कामगार. ही माणसे कोणत्या समाजाची असतात हे सांगण्याची गरज नाही. जैववैद्यकीय कचऱ्याच्या २०१६ च्या नियमांनुसार कचरा हाताळणाऱ्या प्रत्येकाला कावीळ-बी आणि धनुर्वाताची लस देणे बंधनकारक आहे. आमच्या वाचकांनी आपापल्या गावच्या दवाखान्यात जाऊन कंत्राटी सफाई कामगाराला एवढेच विचारावे: लस मिळाली का? हातमोजे किती दिवसांनी मिळतात? पगार कधी झाला? जी उत्तरे येतील तीच त्या दवाखान्याच्या गुणवत्तेची खरी गुणपत्रिका. प्रमाणपत्र मिळाले की जिल्हा रुग्णालयाला खाटेमागे पैसे मिळतात, त्यातला काही भाग कर्मचाऱ्यांना द्यायचा असतो. तो कंत्राटी झाडूवालीपर्यंत पोहोचतो काय, हेही विचारावे. तपासणीच्या आदल्या रात्री फिनेल ओतून जागरण तीच करते.

आणि रुग्णाची जात? ती दवाखान्यात विचारलीच जात नाही असा साळसूद दावा कोणी करू नये. जननी सुरक्षा योजनेत अनुसूचित जाती-जमातीच्या आणि दारिद्र्यरेषेखालील बाळंतिणीला खेड्यात ७०० आणि शहरात ६०० रुपये मिळतात. त्यासाठी जातीचा दाखला मागितला जातो, गरोदर मातेच्या नोंदवहीत जातीचा रकाना भरला जातो. म्हणजे ७०० रुपयांसाठी आमची जात लागते. मग मृत्यूंचा हिशेब मांडताना तोच रकाना का उघडत नाही? कोणत्या समाजाच्या बाळंतिणीला किती वेळ थांबावे लागले, कोणाला पुढे पाठवले, कोणाचे बाळ गेले, हे दवाखान्यागणिक का जाहीर होत नाही? रकाना आहे, आकडा आहे, फक्त तो मांडण्याची इच्छा नाही.

भेदभाव आता उरला नाही म्हणणाऱ्यांना आम्ही स्मरण देतो. ११ राज्यांतल्या ५६५ गावांच्या पाहणीवर आधारलेला ग्रामीण अस्पृश्यतेचा अभ्यास २००६ मध्ये पुस्तकरूपाने आला. त्यात सुमारे एक तृतीयांश गावांत आरोग्य कर्मचारी दलितांच्या घरात पाऊल ठेवायला नकार देत असल्याचे आढळले. भारतातील दलित स्त्री उच्चवर्णीय स्त्रीपेक्षा सरासरी १४.६ वर्षे आधी मरण पावते, असे संयुक्त राष्ट्रांच्या महिलाविषयक संस्थेने २०१८ च्या अहवालात म्हटले. आणि भेदभाव रुग्णापुरताच थांबतो काय? मुंबईच्या एका नामांकित रुग्णालयातील आदिवासी निवासी डॉक्टर पायल तडवी हिने २२ मे २०१९ रोजी जीवन संपवले. जातीय छळाचा आरोप तिच्या वरिष्ठांवर झाला आणि प्रकरण न्यायालयात गेले. निकाल न्यायालय देईल. पण ज्या संस्थेत आपल्याच डॉक्टरला सन्मानाने काम करता येते की नाही याची शंका असते, तेथे फरशीवरच्या पारध्याला सन्मान मिळतो हे कोणत्या परीक्षकाने कसे तपासले? कर्मचाऱ्याला विचारून? 'येथे भेदभाव होतो का' असे विचारल्यावर 'होतो' म्हणणारा कर्मचारी आम्हाला तरी अजून भेटायचा आहे.

आरोग्य ही सरकारची मेहेरबानी नव्हे. संविधानाचे कलम ४७ सार्वजनिक आरोग्य सुधारणे हे राज्याचे प्राथमिक कर्तव्य मानते. रेल्वेतून पडलेल्या एका शेतमजुराला एकामागून एक सरकारी रुग्णालयांनी खाट नाही म्हणून परत पाठवले, त्या खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने १९९६ मध्ये स्पष्ट केले की तातडीचा उपचार नाकारणे हा कलम २१ मधील जीवनाच्या हक्काचा भंग आहे आणि पैशाच्या अडचणीची सबब राज्याला सांगता येणार नाही. बाबासाहेबांनी १९२८ मध्येच मुंबई विधिमंडळात कामकरी स्त्रियांच्या प्रसूतिकाळातील लाभाच्या विधेयकाची बाजू घेतली होती. १८९७ च्या प्लेगमध्ये माता सावित्रीबाईंनी मुंढव्याच्या महारवाड्यातले आजारी पोर पाठीवर घेऊन मुलाच्या दवाखान्यापर्यंत आणले आणि त्याच साथीत आपला जीव दिला. दर्जेदार आरोग्यसेवा म्हणजे काय याची आमची व्याख्या तेथून सुरू होते: ज्याला कोणी उचलत नाही त्याला आधी उचलायचे.

१५ ऑगस्ट २०२३ पासून सार्वजनिक आरोग्य विभागाच्या दवाखान्यांत उपचार मोफत झाले. औषधखरेदीसाठी २०२३ मध्ये स्वतंत्र प्राधिकरणाचा कायदाही झाला. चांगली पावले आहेत. पण मोफत उपचाराच्या पाटीखाली 'बाहेरून आणा' अशी चिठ्ठी हातात पडत असेल तर पाटी खोटी की चिठ्ठी खोटी, याचे उत्तर शासनाने द्यावे. आमच्या मागण्या साध्या आहेत. प्रमाणपत्र मिळण्याआधीचे आणि नंतरचे दोन-दोन वर्षांचे मृत्यू, जंतुसंसर्ग आणि रेफर केलेले रुग्ण यांचे महिनावार आकडे प्रत्येक दवाखान्याने त्याच भिंतीवर, त्याच आकाराच्या चौकटीत लावावेत. ते आकडे अनुसूचित जाती, जमाती आणि इतर असे वेगळे दाखवावेत. तपासणी न सांगता व्हावी, रात्रीही व्हावी. घरी गेलेल्या रुग्णांना त्यांच्या वस्तीत जाऊन विचारावे, कारण खाटेवरचा रुग्ण डॉक्टरसमोर तक्रार करत नसतो. ऑडिटमध्ये निघालेल्या प्रत्येक त्रुटीसमोर दुरुस्तीची तारीख आणि जबाबदार अधिकाऱ्याचे पद लिहावे. सफाईची पदे कायम करावीत.

शेवटी दोन शब्द आमच्याच कार्यकर्त्यांना. एखादा मृत्यू झाला की आपण दवाखान्यावर मोर्चा नेतो, निवेदन देतो, फोटो छापून आणतो आणि पुढच्या मृत्यूपर्यंत विसरतो. दवाखान्याची रुग्ण कल्याण समिती असते, तिच्या बैठका होतात, तिला निधी येतो. तिच्यावर कोण बसले आहे हे आपल्यापैकी किती जणांना ठाऊक आहे? माहितीचा अधिकार २००५ पासून आपल्या हातात आहे. तपासणीचे गुण, सापडलेल्या त्रुटी, मृत्यूंच्या नोंदी मागवा. वस्तीतल्या शिकलेल्या पोरांनी हे आकडे वाचायला शिकावे. डॉक्टरला मारहाण करून काहीच सुधारत नाही, उलट तो अपुऱ्या औषधांत चोवीस-चोवीस तास खपणारा डॉक्टर अनेकदा आपल्याच समाजातून गेलेला असतो. आपला सवाल त्याला नाही, त्याला रिकाम्या हातांनी उभे करणाऱ्या व्यवस्थेला आहे.

भिंतीला टेकून बसलेल्या त्या बाईला उद्या कोणी शिकलेल्या पोराने ती चौकट वाचून दाखवली, आणि तिने विचारले, 'मग माझ्या नातवाला औषध कधी देतील?', तर त्या प्रश्नाला जो दवाखाना वेळेवर उत्तर देईल त्यालाच आम्ही दर्जेदार म्हणू. बाकीची प्रमाणपत्रे ज्यांनी दिली त्यांनी आणि ज्यांनी घेतली त्यांनी आपापल्या घरी लावावीत.